मुक्या पेडलमधील बिघाड शोधण्यासाठी ऑडिओ प्रोब

गिटारचे पेडल (गिटारच्या आवाजात बदल करणारी, पायाने चालू-बंद करायची छोटी पेटी) हौसेने बनवणाऱ्याने नव्या सर्किटच्या मागे लागण्याआधी एक ऑडिओ प्रोब, म्हणजे सर्किटमध्ये सिग्नल कुठवर पोहोचतो ते ऐकवणारी तार, तयार करावा, कारण बिघाड स्वतः शोधता येऊ लागला की सर्किट खऱ्या अर्थाने समजू लागते. जुन्या गिटार केबलचे एक टोक कापून मधल्या तारेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा, बाहेरची जाळी पेडलच्या ग्राउंडला लावावी आणि केबलचे दुसरे टोक आवाज अगदी कमी ठेवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये घालावे. कपॅसिटर डीसी व्होल्टेज अडवतो आणि आवाजाचा सिग्नल तेवढा पुढे जाऊ देतो. आता पेडलमध्ये गिटारचा सिग्नल देऊन कपॅसिटरचे मोकळे टोक इनपुटपासून आउटपुटकडे एकेका जोडावर टेकवत जावे. आवाज जिथे नाहीसा होतो, त्याच्या लगतचा सुटा भाग किंवा सोल्डरिंग बहुधा दोषी असते. व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर येथे पूरक ठरतो: ९ व्होल्टवरच्या साध्या एका ट्रान्झिस्टरच्या बूस्टरमध्ये (आवाज वाढवणाऱ्या पेडलमध्ये) ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर या पायावर साधारण ४.५ व्होल्ट मिळावेत.

व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) अ‍ॅम्प्लिफायरच्या आत मात्र हा प्रोब कधीही लावू नये, तेथील व्होल्टेज प्राणघातक असते.

सुट्या भागांसाठी ठाणेकरांनी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावे आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराचा लॅमिंग्टन रोड गाठावा. खाडीकाठच्या पावसाळी दमटपणात उघड्या बोर्डचे तांबे काळवंडते आणि सोल्डर नीट धरत नाही, म्हणून उरलेले बोर्ड सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावेत.