कॉर्ड बरोबर, ठेका चूक: कीबोर्डवर साथ करताना या चुका टाळा

नवीन विद्यार्थी क्लासला आला की पहिल्याच दिवशी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार सूर, वाजवून दाखवतो. सी, ए मायनर, एफ, जी. बोटं अगदी बरोबर पडतात. मी म्हणतो, आता हेच केरव्याच्या ठेक्यात वाजव. टण टण टण टण. बरं, जमैकाचा रेगे वाजव. पुन्हा टण टण टण टण. दोन्ही हात एकाच वेळी खाली, प्रत्येक मात्रेवर, सारख्याच जोराने. नागपुरात इतकी वर्षं शिकवतोय, ही एक चूक जितक्यांदा पाहिली तितकी दुसरी कुठली पाहिली नाही.

कॉर्डमध्ये कुठले सूर येतात हे यूट्यूबवर दहा मिनिटांत कळतं. ते कधी वाजवायचे आणि हात कधी उचलायचा, हे अंगात मुरायला महिने लागतात. ते महिने द्यायची कुणाची तयारी नसते. ‘सर, पुढच्या रविवारी कार्यक्रम आहे’ हे वाक्य मी फार ऐकलंय.

माझ्याकडे पहिले आठ दिवस एकच कॉर्ड. सी मेजर, बस. कॉर्ड बदलायचीच नाही, म्हणजे डोकं फक्त ठेक्याकडे राहतं. ठेका शिकताना बोटांना कॉर्डही शोधायला लावली, तर प्रत्येक बदलाच्या वेळी लय अर्धा श्वास अडखळते. ती अडखळण एकदा सवयीची झाली की काढायला वर्ष जातं.

केरवा घ्या. ८ मात्रा: धा गे ना ति न क धि न. यात डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतला डाव्या हाताचा, कुठे घुमतो ते ऐका. पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेवर. तुमचा डावा हात म्हणजे डग्गा. मी डाव्या हाताने १ वर मूळ सूर देतो, ७ वर त्याचा पंचम, आणि उजव्या हाताची कॉर्ड फक्त ३ आणि ५ वर, हलकी. बाकीच्या मात्रांवर हात रिकामा. ही रिकामी जागा मुलांना सहन होत नाही, ते ती भरून टाकतात, आणि तबल्याला बोलायला जागाच उरत नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास दीक्षाभूमीकडच्या रस्त्यांवरून एकदा चालत जा. भीमगीतं लागलेली असतात. त्यातली ढोलकी ऐकत मांडीवर डावा-उजवा हात वाजवत चाला. माझ्या खोलीतल्या तीन तासांइतकं तिथे अर्ध्या तासात कळतं.

आता ज्या गोष्टीचा मला खरोखर राग येतो ती. कीबोर्डवरचं स्टाईलचं बटण, जे दाबलं की मशीन आपोआप ठेका वाजवतं.

कोजागिरीचा गच्चीवरचा कार्यक्रम होता. माझा एक विद्यार्थी, हात चांगला, वय सतरा. भावगीत दादऱ्यातलं. त्याने मला न विचारता कीबोर्डवरची वॉल्ट्झची, म्हणजे तीन मात्रांच्या पाश्चात्य नाचाच्या ठेक्याची, स्टाईल लावली, कारण ‘दोन्हीत एक-दोन-तीनच तर आहे’. इथेच पहिली चूक. वॉल्ट्झमध्ये प्रत्येक तीन मात्रांच्या सुरुवातीला खर्ज पडतो, दर वेळी तेवढ्याच वजनाने. दादरा ६ मात्रांचा: धा धिं ना, धा तिं ना. चौथ्या मात्रेवर ‘खाली’, म्हणजे तालाची हलकी जागा, त्यामुळे दुसरा अर्धा हलका. मशीनला ‘खाली’ ठाऊक नाही. त्यामुळे गाणं सुरुवातीपासूनच ठोकळ्यासारखं चाललं होतं, तरी निभत होतं.

मग अंतरा संपताना गाणाऱ्या काकूंनी शेवटचा शब्द लांबवला. असा लांबवला की गच्चीवरची माणसं दुधाचे पेले हातात धरून थांबली. तबलजी काकांनी हात उचलला आणि त्यांच्याकडे पाहत राहिले. कीबोर्ड मात्र चालूच: ढुम चक चक, ढुम चक चक. पोराने घाबरून बटण बंद केलं, काकू समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आल्या तसं पुन्हा चालू केलं, तर ते तिसऱ्या मात्रेवर सुरू झालं. शेवटपर्यंत जुळलं नाही. काकूंनी दुसरा अंतरा सोडून दिला.

कार्यक्रमानंतर तबलजी काकांनी त्याला जवळ बसवलं आणि शांतपणे विचारलं, “बाबू, गाणं थांबलं होतं ना, मग तू काहून पळून राहिला होता?” पोरगं पंधरा दिवस क्लासला आलं नाही. त्याला एकट्याला मी दोष देत नाही, बटणाशिवाय वाजवायची सवय मी आधीच लावायला हवी होती. तेव्हापासून माझ्याकडे पहिलं वर्षभर स्टाईल बंद. त्या मुलाला मी नंतर दादरा असा दिला: १ वर डाव्या हाताचा मूळ सूर, ४ वर खालचा पंचम अगदी हळू, २ आणि ३ वर कॉर्ड, ५ आणि ६ वर त्याच कॉर्डचे फक्त वरचे दोन सूर. गायिका थांबली की हात थांबतो.

रेगे: चार मात्रांत कॉर्ड २ आणि ४ वर, तोडून, तापलेल्या तव्याला बोट लागल्यासारखी. धरून ठेवलीत की संपलं.

जॅझमधल्या स्विंगमध्ये प्रत्येक मात्रेचे दोन भाग सारखे नसतात, पहिला लांब, दुसरा आखूड. लय वाढली की हा फरक कमी होतो. हे कागदावरून येत नाही, ऐकूनच येतं.

ब्राझीलच्या बोसा नोव्हाला लोक फार घाबरतात. ८ मोजा. डावा हात १, ४, ५, ८. तो झोपेतही चालेल इतका पक्का होईपर्यंत उजवा हात मांडीवर ठेवा. दोन्ही हात पहिल्याच दिवशी एकत्र करणाऱ्यांचा बोसा आठवडाभरात पुन्हा टण टण होतो.

डाव्या हाताने खाली, मधल्या सीच्याही एक सप्तक खाली, तीन सुरांची जवळजवळची कॉर्ड वाजवू नका. तिथे सूर एकमेकांत मिसळून नुसता गढूळ आवाज येतो. मूळ सूर आणि पंचम पुरे.

मे महिन्यात कूलरच्या घरघरीत लयीचे ठोके देणारा मेट्रोनोम ऐकू येत नाही, म्हणून मुलं तो बंदच ठेवतात. इअरफोन लावा आणि मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा. ६० वर कंटाळा येत असेल तर तुम्हाला ९० वर जायचा अधिकार नाही, हे मी स्पष्ट सांगतो.

सूर लांबवणारं पायाचं पेडल: नवी कॉर्ड पडते त्या क्षणी पाय वर, लगेच पुन्हा खाली. कॉर्डच्या आधीच दाबून ठेवलात तर जुनी कॉर्ड नवीत सांडते. आणि पेडल उलटं चालतंय, म्हणजे दाबलं की आवाज तुटतो आणि सोडलं की लांबतो, असं झालं तर दुकानात धावू नका. बऱ्याच कीबोर्डना पेडलची दिशा सुरू होतानाच कळते, तेव्हा पाय पेडलवर असेल तर ते उलटं धरतात. बंद करा, पाय बाजूला घ्या, पुन्हा सुरू करा.