स्प्रिंग आणि स्टॉपवॉच वापरून गुरुत्व त्वरण कसे मोजावे

गुरुत्व त्वरण मोजायचे म्हटले की बहुतेक जण दोरा आणि गोळा घेऊन लंबक करतात. ते स्प्रिंगनेही मोजता येते. त्यासाठी स्प्रिंगचा स्थिरांक, म्हणजे ती एक मीटर ताणायला किती बल लागते, हे आधी माहीत असावे लागत नाही.

वजन टांगल्यावर स्प्रिंग किती लांबेल हे गुरुत्व आणि स्थिरांक या दोघांवर ठरते. तेच वजन वरखाली झुलवले की एका दोलनाचा काळ मात्र फक्त वस्तुमान आणि स्थिरांक ठरवतात. गुरुत्वामुळे समतोल स्थिती (वजन स्थिर लटकते ती जागा) खाली सरकते, एवढेच. त्या स्थितीपासून ठरावीक अंतर दूर गेल्यावर मागे ओढणारे बल गुरुत्व असो वा नसो तेवढेच राहते, म्हणून आवर्तकालावर, म्हणजे एका दोलनाच्या काळावर, गुरुत्वाचा परिणाम होत नाही. एक माप गुरुत्वासह आणि दुसरे गुरुत्वाविना मिळाले, तर दोन्हींचा भागाकार करताना स्थिरांक निघून जातो.

काय लागेल

५० ग्रॅम टांगल्यावर ४ ते ७ सेंटिमीटर लांबणारी स्प्रिंग, हँगर आणि ५० ग्रॅमची पाच वजने (हँगरचे वस्तुमान हिशेबात धरा), मीटरपट्टी, क्लॅम्पसह जड पायाचे स्टँड, स्टॉपवॉच, थोडा जाड कागद. यापेक्षा ताठ स्प्रिंग घेतली तर ती इतक्या झपाट्याने हलते की मोजदाद चुकते. रबरबँड अजिबात चालत नाही: वजन चढवताना आणि उतरवताना त्याची लांबी एकाच वजनाला वेगवेगळी येते. स्टँडच्या पायावर जड वस्तू ठेवा, नाहीतर स्प्रिंगबरोबर स्टँडही डुलू लागते.

पहिले माप: स्प्रिंग किती लांबते

१. हँगरच्या तळाला कागदाचा टोकदार तुकडा चिकटवा. हा दर्शक. मीटरपट्टी शेजारी उभी, दर्शकाच्या अगदी जवळ पण त्याला न घासेल अशी लावा.

२. ५० ग्रॅमपासून सुरू करून दर वेळी ५० ग्रॅम वाढवत २५० ग्रॅमपर्यंत जा. वजन हाताने हळू सोडा आणि पूर्ण स्थिर झाल्यावरच वाचा.

३. वाचताना डोळा दर्शकाच्या पातळीवर असू द्या. वरून किंवा खालून पाहिले तर दोनतीन मिलिमीटरची चूक सहज होते.

४. आता एकेक वजन काढत पुन्हा वाचा. उतरतानाची मापे चढतानापेक्षा सतत जास्त येत असतील, तर स्प्रिंग मर्यादेबाहेर ताणली गेली आहे. ती आता मूळ लांबीवर येणार नाही. दुसरी घ्या.

वस्तुमान आडव्या अक्षावर आणि लांबी वाढ उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा. रेषा आरंभबिंदूतून गेली नाही तरी बिघडत नाही. घट्ट वेटोळ्यांच्या स्प्रिंगमध्ये बनवतानाच थोडा ताण भरलेला असतो, त्यामुळे सुरुवातीच्या थोड्या वजनाला ती हलतच नाही. वेटोळी उघडण्याआधीचे बिंदू सोडून द्या. आपल्याला हवा आहे फक्त रेषेचा चढ. तो मीटर प्रति किलोग्रॅममध्येच काढा.

दुसरे माप: दोलने

वजने तीच ठेवा. हँगर दोन सेंटिमीटर खाली ओढून सरळ सोडा. त्यापेक्षा जास्त ओढायची गरज नाही: आयाम (समतोल स्थितीपासून वजन जास्तीत जास्त जाते ते अंतर) लांबी वाढीपेक्षा मोठा झाला की वर जाताना वेटोळी एकमेकांवर आदळतात आणि गती साध्या नियमाने चालत नाही. २० दोलनांत आयाम कमी होत जातो, त्याची मात्र चिंता नको. स्प्रिंगचा आवर्तकाल आयामावर अवलंबून नसतो. लंबकाचे तसे नाही. तो २० अंशांतून सोडला तर आवर्तकाल पाऊण टक्क्याने वाढतो.

वेळ मोजायची खूण समतोल स्थितीवर ठेवा, सर्वांत खालच्या टोकावर नव्हे. टोकाशी वजन क्षणभर रेंगाळते, त्यामुळे 'आता' कधी म्हणायचे ते कळत नाही. मध्यावर वेग सर्वांत जास्त असतो आणि क्षण नेमका सापडतो. दर्शक खुणेवरून खाली जाताना 'शून्य' म्हणून घड्याळ सुरू करा, पुन्हा खाली जाताना 'एक', आणि 'वीस'ला बंद करा. बटण दाबायला माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. एकच दोलन ०.७ सेकंदांचे असेल तर त्यातली अनिश्चितता फार मोठी, पण २० दोलनांच्या १४ सेकंदांत ती दीड टक्क्याच्या आत येते. प्रत्येक वजनाला तीन वेळा मोजून सरासरी घ्या.

इथे एक गंमत भल्याभल्यांना चकवते. सरळ वरखाली सोडलेले वजन थोड्या वेळाने आपोआप आडवे झुलू लागते, मग पुन्हा वरखाली हलते. हात थरथरल्याचा हा दोष नाही. वरखाली हलण्याची वारंवारता झोक्याच्या वारंवारतेच्या दुप्पट झाली की एका गतीतली ऊर्जा दुसरीत जाते. लांबी वाढ मूळ लांबीच्या (आधारापासून टांगलेल्या वजनाच्या मध्यापर्यंतच्या, न ताणलेल्या) सुमारे एक तृतीयांश असताना नेमके हे घडते. उपाय साधा: वजन २०-३० ग्रॅमने बदला, किंवा स्प्रिंगच्या वर दोऱ्याचा तुकडा बांधून टांगलेली लांबी वाढवा.

आकडेमोड

वस्तुमान आडव्या अक्षावर आणि आवर्तकालाचा वर्ग उभ्या अक्षावर घेऊन दुसरी सरळ रेषा काढा. मग

गुरुत्व त्वरण = ३९.४८ × (पहिल्या रेषेचा चढ ÷ दुसऱ्या रेषेचा चढ)

३९.४८ म्हणजे पाय (π) या संख्येच्या वर्गाची चौपट. स्थिरांक ८ न्यूटन प्रति मीटर आणि स्वतःचे वस्तुमान २४ ग्रॅम असलेल्या स्प्रिंगला सिद्धांताप्रमाणे असे आकडे यायला हवेत: ५० ग्रॅमला लांबी वाढ ६.१ सेंटिमीटर आणि २० दोलनांना १०.७० सेकंद, २५० ग्रॅमला ३०.७ सेंटिमीटर आणि २२.५७ सेकंद. या दोन टोकांवरून पहिला चढ १.२३ मीटर प्रति किलोग्रॅम, दुसरा ४.९४ सेकंद वर्ग प्रति किलोग्रॅम. उत्तर सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग.

आलेख न काढता एकाच मापावरून उत्तर काढायचा मोह टाळा. वरच्याच स्प्रिंगचा स्थिरांक ५० ग्रॅमच्या एका आवर्तकालावरून काढला तर ८ ऐवजी ६.९ येतो. कारण स्प्रिंगलाही वस्तुमान आहे आणि तीही हलते. तिचे वरचे टोक स्थिर, खालचे वजनाच्या वेगाने जाणारे, म्हणून हिशेबात तिच्या वस्तुमानाचा एक तृतीयांश भाग टांगलेल्या वजनात मिळवावा लागतो. आलेखात ही भर रेषेला नुसती सरकवते, चढ तोच राहतो. रेषा डावीकडे वाढवा: ती आडव्या अक्षाला उणे ८ ग्रॅमवर छेदेल. त्याची तिप्पट करा आणि स्प्रिंग काट्यावर ठेवून ताडून पाहा. हँगरचे वस्तुमान धरायचे राहिले असेल तर तेही इथेच उघडे पडते, कारण रेषा तेवढी आणखी डावीकडे छेदते. एक तृतीयांशाचा नियम टांगलेले वजन स्प्रिंगपेक्षा बरेच जड असतानाच नीट लागू पडतो, म्हणून अगदी हलक्या वजनांनी सुरुवात करू नका.

उत्तर चुकले तर

चुकीचे उत्तरही चूक कुठे आहे ते सांगते. १०.९ च्या आसपास आले तर घड्याळ सुरू करताना 'शून्य' ऐवजी 'एक' म्हटले गेले आहे आणि २० समजून १९ दोलने मोजली आहेत. ३९ आले तर खाली जाताना आणि वर येताना, दोन्ही वेळा मोजले आहे. दहाच्या पटीत फरक असेल तर सेंटिमीटर किंवा ग्रॅम बदलायचे राहिले. उत्तर थोडे कमी किंवा जास्त येऊन बिंदू रेषेभोवती विखुरलेले असतील तर दोष वेळ मोजण्यात आहे. बिंदू एका बाजूला वाकलेली वक्ररेषा दाखवत असतील तर स्प्रिंगमध्ये. ९.६ ते १०.० मधले कोणतेही उत्तर या साहित्याला शोभणारे आहे. विषुववृत्तावर ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३, हा फरक टिपायला ही मांडणी पुरत नाही.