भोकांचं पॅनेल शिकताना

डिप्लोमा करून भोसरी एमआयडीसीतल्या एका कंपोझिट युनिटमध्ये (कंपोझिट म्हणजे धागे आणि रेझिन मिळून बनलेला पदार्थ) लागले, तेव्हा माझ्या डोक्यात भोक म्हणजे ड्रिल एवढंच होतं. काम होतं आवाज शोषणाऱ्या पॅनेलचं. अशी पॅनेलं विमानाच्या इंजिनाच्या आवरणात आतून बसवतात: वर बारीक भोकांचा थर, मधे मधाच्या पोळ्यासारखा गाभा, खाली बिनभोकांचा थर. आवाजाने भोकातली हवा आतबाहेर हलते आणि त्या घर्षणात आवाज जिरतो.

एक हिशोब करून बघा. 30 सेंटीमीटर चौरस तुकड्यात दर 3 मिलिमीटरवर एक भोक धरलं तर 10,000 भोकं होतात. व्यास 1.2 मिलिमीटर असेल तर सुमारे साडेबारा टक्के पृष्ठभाग उघडा राहतो. कडेला रेझिन, म्हणजे धागे जोडून ठेवणारा चिकट द्रव, साचून व्यास 1 मिलिमीटरवर आला की तोच आकडा पावणेनऊच्या आत जातो. मग ज्या आवाजासाठी पॅनेल बेतलं, त्याच्या कामाचं ते राहत नाही.

ड्रिल करताना शेवटचा थर बिटाच्या रेट्याने सुटतो. खाली आधाराची फळी घट्ट लावली तर हे कमी होतं, पण कार्बाइडचा बिटही लवकर झिजतो, आणि बोथट बिट जास्त फाडतो. शिवाय प्रत्येक भोकापाशी धागे तुटतात. ताकद तर अखंड धाग्यातच असते!

म्हणून दुसरी पद्धत नीट शिका. प्रीप्रेग, म्हणजे रेझिन भिनवलेलं विणलेलं कापड, कच्चं असतानाच पिनांच्या मॅटवर दाबायचं. ते किंचित गरम केलं की रेझिन मऊ होतं आणि पिन धाग्यांमधून वाट काढते. बरेचसे धागे न तुटता बाजूला सरकतात. पिना आत ठेवूनच क्युअर करायचं, म्हणजे उष्णतेने रेझिन कडक करायचं. भोकाच्या दोन बाजूंना डोळ्याच्या आकाराची, नुसत्या रेझिनची जागा राहते. सूक्ष्मदर्शकाखाली ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी दोष समजले होते. ती या पद्धतीत असतेच. ती किती मोठी चालेल, हे ठरवावं लागतं.

माझी मोठी चूक मात्र फ्रीझरपाशी झाली. प्रीप्रेग उणे 18 अंशांना ठेवतात. जुलैतली सकाळ, बाहेर पाऊस, आणि मी घाईत थंड रोलची पिशवी फोडली. कापडावर दव धरलं. क्युअरनंतर पॅनेलमध्ये हवेचे फुगे निघाले आणि सगळं भंगारात गेलं. रोल खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, मग कितीही तास लागोत. रोल बाहेर किती वेळ होता, तेही त्याच्या कार्डावर लगेच लिहा. संध्याकाळी आठवून लिहिलेला आकडा मला पटत नाही.

ऑटोक्लेव्हचं, म्हणजे क्युअरसाठी उष्णता आणि दाब देणाऱ्या बंद भट्टीचं, चक्र रेझिन बनवणाऱ्याच्या कागदाप्रमाणेच चालवा. विमानाच्या कामातल्या बऱ्याच इपॉक्सी रेझिनांना 180 अंश आणि सुमारे 7 बार लागतात. आधी पॅनेलवरच्या पिशवीतली हवा काढून व्हॅक्यूम पंप बंद करा आणि गेज उतरतो का, म्हणजे पिशवी गळते का, ते पाहा.

पिना सुटाव्यात म्हणून मॅटला रिलीज एजंट, म्हणजे रेझिन चिकटू न देणारा लेप, लागतोच. तरी मॅट एका कडेपासून हळूहळू सोडवा. मामा, आमचे सर्वात जुने कारागीर, तेव्हा कुणाला बोलूही देत नसत. नंतर पॅनेल ट्यूबलाइटसमोर धरायचं. बुजलेली भोकं लगेच दिसतात, पण अरुंद झालेली डोळ्यांना फसवतात. त्यांच्यासाठी पिन गेज, म्हणजे भोकात घालून व्यास तपासायची ठरावीक मापाची पिन, घ्या आणि कडेच्या रांगांपासून सुरुवात करा.