नव्या इंडी रॉक गाण्याविषयी लिहिताना

तरुण गायिका-गीतकाराच्या एखाद्या सुट्या गाण्याविषयी लिहायचे असेल, तर ते आधी शब्दांचा विचार न करता ऐकावे आणि मगच शब्द समोर ठेवून दुसऱ्यांदा ऐकावे. अमेरिकी गायिका-गीतकार फीबी ब्रिजर्सचे एप्रिल २०२० मधील ‘क्योटो’ हे जपानी शहराचे नाव असलेले गाणे घ्या. पहिल्या खेपेस वेगवान ठेका आणि ट्रम्पेटचा उत्सवी सूर मनात भरतो. दुसऱ्या खेपेस मात्र धाकट्या भावाच्या वाढदिवसाचा फोन करताना दहा दिवसांनी चुकणारे वडील भेटतात आणि त्यांच्यावरचा राग धड धरताही येत नाही, सोडताही येत नाही, हे जाणवते. हे गाणे मूळचे संथ होते, हे कळले की चाल आणि आशय यांतला हा विरोध उलगडतो. व्हिडिओतील जपान हिरव्या पडद्यापुढे चित्रीकरण करून मागाहून दृश्ये जोडून उभा केला आहे, कारण महासाथीमुळे तेथील चित्रीकरण रद्द झाले. तो नकलीपणा झाकलेला नाही, आणि मला तर तोच आवडतो.

स्वागताची नोंद करताना नामांकन आणि पुरस्कार यांची गल्लत करू नये. २०२१ च्या ग्रॅमी या अमेरिकी संगीत पुरस्कारांत या गाण्याला रॉकच्या दोन विभागांत नामांकने मिळाली, पण पुरस्कार फिओना ॲपल आणि ब्रिटनी हॉवर्ड या गायिकांकडे गेले. ऐकणाऱ्यांचे आकडे रोज बदलतात. द्यायचेच झाल्यास तारखेसह द्यावेत.