आखातात कामाला निघालात? पगाराआधी बेसिक बघा

खेड, दापोली, मंडणगड या पट्ट्यात, जिथलं कुणीच कधी आखातात गेलं नाही असं घर शोधावं लागेल. मी स्वतः अबुधाबीजवळच्या मुसफ्फामध्ये एका बांधकाम कंपनीत टाइमकीपर होतो. हजेरी, ओटीचे (ओव्हरटाइमचे) तास, सुट्ट्या, कॅन्सल होऊन, म्हणजे व्हिसा रद्द करून, जाणाऱ्यांचा शेवटचा हिशोब, हे सगळं माझ्या टेबलावरून जायचं. आता गावी असतो. आसपासची पोरं फाइल घेऊन येतात, "काका, जरा कागद बघता का?" त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितो आहे. नियम यूएईचे, म्हणजे दुबई-अबुधाबी ज्यात येतात त्या संयुक्त अरब अमिरातीचे आहेत. सौदी, कतार, कुवेतचे कायदे वेगळे, पण कागद कसा वाचायचा ते सगळीकडे सारखंच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तुम्ही तिथं कुणाचे उपकार घ्यायला चालला नाहीत. यूएईची लोकसंख्या एक कोटीच्या वर आहे आणि त्यात तिथले नागरिक साधारण दहात एक. एकटे भारतीयच 35 लाखांहून जास्त. नागरिकांचा ओढा सरकारी नोकऱ्यांकडे. इमारतीचा सांगाडा, एसीची पाइपलाइन, जेबेल अली बंदरातली चढउतार, हॉटेलातली साफसफाई, दवाखान्यातल्या नर्स, टॅक्सी, बेकरी हे सगळं बाहेरून आलेल्यांच्या अंगावर. दुबईच्या अर्थव्यवस्थेत तेलाचा वाटा आता अगदी थोडा आहे. ते शहर व्यापार, बांधकाम, बंदर, विमानतळ आणि पर्यटन यांवर जगतं, आणि यातलं एकही काम माणसांच्या हातांशिवाय होत नाही.

हे हातही तयार होऊनच जातात. बावीस वर्षांच्या गवंड्याचं बाळंतपण, लसी, शाळा, आयटीआय, सगळा खर्च इकडे झालेला असतो. म्हातारपणी तो इकडेच येणार, कारण काम संपलं की व्हिसाही संपतो. तिथल्या नागरिकाला निवृत्तिवेतन आहे, आपल्याला नाही. म्हणजे माणसाची फक्त कष्टाची वर्षं त्या देशाला मिळतात, आधीची आणि नंतरची वर्षं कोकणानं सांभाळायची. मला याचा राग नाही, तिथल्या पगारावरच माझी मुलं शिकली. पण हा देण्याघेण्याचा व्यवहार आहे आणि त्यात आपली किंमत आपल्याला ठाऊक पाहिजे.

ती किंमत मी टेबलावर बसून पाहिली आहे. एक चांगला स्टील फिक्सर (सळया बांधणारा) निघून गेला की नवा आणायला व्हिसा, मेडिकल, आयडी, विमा, तिकीट असा खर्च येतो, आणि तो येईपर्यंत साइट अडते ती वेगळीच. तिथल्या कायद्यातच याचा पुरावा आहे. प्रोबेशनमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या चाचणीच्या काळात, तुम्ही एक महिन्याची लेखी नोटीस देऊन यूएईतल्याच दुसऱ्या कंपनीत गेलात, तर तुम्हाला आणण्याचा खर्च नव्या मालकानं जुन्या मालकाला भरून द्यायचा असतो. तुम्ही नाही, नव्या मालकानं. तुम्हाला आणायला पैसे लागतात आणि ते मालकाचे असतात, हे कायद्यानं मान्य केलं आहे. मग कुणी व्हिसाचे म्हणून लाख-दीड लाख मागितले तर काय समजायचं ते समजा.

एजंटाकडे जाताना

पासपोर्टवर ईसीआरचा (परदेशी नोकरीला जायला सरकारी मंजुरी लागेल असा) शिक्का असेल आणि तुम्ही दहावी पास असाल, तर आधी तो काढून घ्या. दहावी झालेली नसेल तर आखातात नोकरीवर जायला आपल्या सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून मंजुरी लागते. याच पोर्टलवर सरकारमान्य एजंटांची यादी असते. एजंटाचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो चालू आहे का ते स्वतःच्या मोबाइलवर बघा, त्याच्या नाही. गावोगावी फिरणारा जो "मी फक्त मुंबईच्या ऑफिसचं काम बघतो" म्हणतो, त्याच्या हातात रोकड देऊ नका. आपल्या कायद्यानं एजंटाची फी जास्तीत जास्त 30,000 रुपये, वर जीएसटी, आणि पावती द्यावीच लागते. यूएईच्या कायद्यानं तर भरतीचा खर्च कामगाराकडून घेताच येत नाही. घर गहाण टाकून माणूस गेला की पहिली दोन वर्षं तो कर्जासाठी राबतो आणि भीतीनं तोंड उघडत नाही. कर्जबाजारी कामगार कंपनीला फार सोयीचा असतो, हे मी जवळून बघितलंय.

आणि व्हिजिट व्हिसा. "आत्ता जा, तिकडे गेल्यावर कंपनी बदलून देईल." नाही. त्या व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. ई-मायग्रेटची तपासणी चुकवायलाच ही वाट काढलेली असते. लेबर कार्ड (कामाचा परवाना) नाही, पगार बँकेतून येत नाही, विमा नाही, आणि मुदत संपली की दिवसाला 50 दिरहम दंड चढतो. 2024 मध्ये तिथल्या सरकारनं परवान्याशिवाय कामाला ठेवणाऱ्या मालकाचा दंड एक लाखापासून दहा लाख दिरहमपर्यंत नेला. तरीही पोरं जातातच. घरच्यांनो, मुलाच्या हातात नोकरीचं एंट्री परमिट आहे की टुरिस्ट व्हिसा, एवढं तरी विमानात बसण्याआधी वाचून घ्या.

ऑफर लेटर

इथं घाई करू नका. यूएईत कामगार मंत्रालयाचं स्वतःचं ठरलेलं ऑफर लेटर असतं. कंपनीच्या लेटरहेडवरचा कागद म्हणजे ते नव्हे. ते अरबी आणि इंग्रजीत असतं, सोबत कामगाराला कळणाऱ्या भाषेतली प्रत मिळते. त्यात हिंदी आहे. हिंदी प्रत मागून घ्या. त्यावरच्या क्रमांकावरून ऑफर खरी आहे का ते मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतं. तिथं पोचल्यावर जो करार पुढ्यात येईल तो या ऑफरपेक्षा कमी असता कामा नये. म्हणून एक फोटो मोबाइलमध्ये आणि एक छापील प्रत घरी, आईच्या किंवा बायकोच्या ताब्यात.

आता बेसिक, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार. दोन ऑफर समजा. दोन्हींत महिना 1,400 दिरहम. पहिलीत बेसिक 1,200 आणि भत्ते 200. दुसरीत बेसिक 800 आणि भत्ते 600. पोरं म्हणतात, काका, एकच तर आहे! एक नाही. ओटी बेसिकवर मोजतात. दिवसाचे आठ तास आणि महिन्याचे तीस दिवस धरले, तर 1,200 बेसिकला तासाचे पाच दिरहम होतात आणि 25 टक्के जादा धरून ओटीचे सव्वासहा. 800 बेसिकला तोच तास चार दिरहम सतरा फिल्सचा (शंभर फिल्सचा एक दिरहम). रोज दोन तास, महिन्याचे सव्वीस दिवस ओटी केली तर महिन्याला शंभरहून जास्त दिरहमचा फरक पडतो.

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, तीही बेसिकवरच. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला 21 दिवसांचं बेसिक, पुढच्या प्रत्येक वर्षाला 30 दिवसांचं. पाच वर्षं काम करून आलात तर 1,200 वाल्याला 4,200 दिरहम आणि 800 वाल्याला 2,800. न घेतलेल्या रजेचे पैसेसुद्धा बेसिकवर. भत्ते फुगवून बेसिक लहान ठेवलं की कंपनीचे किती पैसे वाचतात, ते मी शेकडो माणसांच्या पगारपत्रकात पाहिलं आहे. कायद्यात बसतं ते. म्हणून सही करण्याआधीच बोलायचं, नंतर बोलून उपयोग नाही. विचारा: एकूण तेवढंच ठेवा, बेसिक वाढवता का? गवंडी, वेल्डर, एसी टेक्निशियन, क्रेन ऑपरेटर यांना हे विचारायची ताकद असते, कारण असा माणूस चटकन मिळत नाही. हेल्परला कमी, पण त्यानंही विचारावं.

परदेशी कामगारासाठी यूएईनं किमान वेतन ठरवलेलं नाही, त्यामुळे तुमचा कागद हाच तुमचा कायदा. आपलं सरकार आखाती देशांसाठी एक किमान संदर्भ वेतन, म्हणजे याहून कमी पगारावर माणूस पाठवू नये असा दर, ठरवतं. नोकऱ्या टिकाव्यात म्हणून सप्टेंबर 2020 मध्ये ते 30 ते 50 टक्के खाली आणलं होतं, आणि ओरड झाल्यावर 2021 मध्ये तो निर्णय मागे घेतला. मला तेव्हा फार वाईट वाटलं. ज्यांच्यावाचून तो देश चालत नाही, त्यांचा दर आपणच पाडायचा?

निघण्याआधी प्रवासी भारतीय बीमा काढा. दोन वर्षांना 275 रुपये, तीन वर्षांना 375, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाख. वारसाचं नाव आधार कार्डावर आहे तसंच्या तसं लिहा. सरकारी एक दिवसाचं प्रशिक्षणही फुकट असतं, ते टाळू नका.

तिथं गेल्यावर

पासपोर्ट तुमच्याजवळ राहिला पाहिजे. "सेफ कस्टडी" म्हणून मागतील. कायद्यानं ठेवून घेता येत नाही.

एक डायरी घ्या. रोज रात्री झोपण्याआधी चार गोष्टी: साइट कुठली, कितीला सुरू, कितीला सुटलो, फोरमन कोण. टाइमशीटमध्ये ओटीचे तास गळतात. कधी चुकून, कधी वरून सांगितलं म्हणून. डायरी घेऊन आलेल्या माणसाचे तास आम्हाला दुरुस्त करावेच लागायचे. नुसता तोंडी भांडणारा हात हलवत परत जायचा. पगार बँकेतून किंवा कार्डावरच आला पाहिजे, कारण मंत्रालय त्यावर लक्ष ठेवतं. ठरल्या तारखेनंतर पंधरा दिवस गेले की तो थकलेला पगार धरतात. नोकरी जाण्याचा विमा 2023 पासून सक्तीचा आहे, महिना पाच दिरहम, आणि तो कामगारानंच काढायचा असतो.

उन्हाळ्यात 15 जून ते 15 सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद. मोडलं तर कंपनीला प्रत्येक कामगारामागे 5,000 दिरहम दंड. तरी "थोडंच राहिलंय" म्हणणारा फोरमन भेटेल. आपल्याकडचा वैशाखही त्या दमट उन्हापुढे काही नाही. चक्कर, मळमळ, घाम थांबणं यातलं काहीही झालं की ताबडतोब सावलीत जायचं, लाज वाटून घ्यायची नाही.

खोली बघताना आधी बाहेर पडायचा रस्ता बघा. 12 जून 2024 ला कुवेतमधल्या मंगाफला कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली आणि 45 भारतीय गेले. माणसं झोपेत होती. तळमजल्यावर आग लागली आणि धुरानं जिने भरले. जिना सामानानं अडलेला असेल, खोलीत पार्टिशन घातलेलं असेल, सिलिंडर वाटेत असेल, तर चार जणांनी मिळून कॅम्प बॉसला (कामगारांची वस्ती सांभाळणाऱ्याला) लेखी द्या आणि फोटो ठेवा. एकट्यानं गेलात तर टाळतील.

पैसे

गावातल्या बँकेत एनआरई खातं (परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठीचं) उघडा, व्याजाला इथं कर नाही. हवाल्यानं दोन पैसे जास्त मिळतात म्हणून जाऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या 2023-24 च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशात महाराष्ट्राचा वाटा 20.5 टक्के, सगळ्या राज्यांत पहिला होता. एवढा पैसा येऊनही आपल्या गावांत बंद बंगले जास्त आणि म्हातारपणाची सोय कमी. तिकडून निवृत्तिवेतन येणार नाही हे पहिल्या पगारापासून लक्षात ठेवा. दर महिन्याची एक रक्कम घरच्यांनाही हात लावता येणार नाही अशा ठिकाणी टाका. आधी ती, मग घराचा स्लॅब.

कॅन्सल करताना

परत यायचं ठरलं की कंपनी कॅन्सलेशनचा कागद पुढे करते. "मला सगळे पैसे मिळाले" असं त्यात लिहिलेलं असतं. विमानाच्या आदल्या संध्याकाळी पुढ्यात ठेवतात आणि माणूस घरच्या ओढीनं सही करतो. करू नका. ग्रॅच्युइटी, उरलेली रजा, शेवटचा पगार, थकलेली ओटी यांचा आकडा आधी कागदावर मागा, डायरीशी ताडून बघा, आणि पैसे खात्यात आल्याचा मेसेज आल्यावरच सही. काम संपल्यापासून चौदा दिवसांत हे पैसे द्यायचे असतात. नाही दिले तर मंत्रालयाच्या 80084 वर तक्रार करा. 50,000 दिरहमपर्यंतच्या वादात मंत्रालय स्वतः निकाल देऊ शकतं. बोलायला कुणी हवं असेल तर भारतीय दूतावासाच्या मदत केंद्राचा नंबर 80046342, फोन फुकट. पण रागानं न सांगता कामावर जाणं बंद करू नका. सलग सात दिवस गैरहजर राहिलात की कंपनी फरारीची तक्रार करू शकते आणि मग तुमचाच दावा लंगडा होतो.

2024 च्या दुरुस्तीनंतर काम संपल्यापासून दोन वर्षांपर्यंत दावा करता येतो. त्यामुळे डायरी, पगाराच्या स्लिपा, ऑफर लेटर आणि कॅन्सलेशनची प्रत गावी आल्यावर निदान दोन वर्षं तरी ट्रंकेत राहू द्या.