ऑक्टोबरातल्या सफरचंदांच्या पाय-कुकीज

मिशिगनमध्ये ऑक्टोबर लागला की आमच्या स्वयंपाकघरात सफरचंदांचा ढीग पडतो. ग्रँड रॅपिड्सच्या वायव्येला टेकड्यांवर बागाच बागा आहेत. तिथे आपल्या हातांनी फळं तोडायची नि पिशवी भरून आणायची. ‘पेक’ची एक पिशवी म्हणजे साधारण साडेचार किलो. मुलं दोन दिवस आवडीने खातात, मग त्या ढिगाकडे बघतही नाहीत. उरलेल्यांच्या मी ॲपल पायच्या कुकीज करते. ॲपल पाय म्हणजे मैद्याच्या पारीत सफरचंदाचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ. तळहातावर मावेल एवढा पाय आणि वर पट्ट्यांची जाळी.

सफरचंद मात्र बघून घ्या. ग्रॅनी स्मिथ सगळ्यात चांगलं. आंबट असतं आणि शिजलं तरी फोड मोडत नाही. मॅकिंटॉश खायला छान, पण शिजवलं की त्याचा लगदा होतो. हनीक्रिस्प चालेल, फक्त साखर कमी घाला.

पहिल्या वर्षी मी कच्च्या फोडीच भरल्या होत्या. ओव्हनमध्ये त्यांना पाणी सुटलं, तळ भिजला, आणि साखरेचा पाक ट्रेला असा चिकटला की कुकीज सुरीने खरवडून काढाव्या लागल्या. तेव्हा सांगलीचं आमचं स्वयंपाकघर आठवलं. पुरण झालं का हे आई पातेल्यात पळी उभी करून बघायची. पळी कलंडली तर आणखी आटवायचं, नाहीतर पोळी फुटणार. इथेही तेच आहे.

तीन मध्यम सफरचंदं सोलून मटारच्या दाण्याएवढ्या फोडी करा. कढईत मोठा चमचाभर बटर, फोडी, पाव कप ब्राउन शुगर, दोन लहान चमचे लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ. मध्यम आचेवर आधी पाणी सुटेल, मग आटेल. दहा-बारा मिनिटं लागतात. शेवटी लहान चमचाभर कॉर्नस्टार्च थोड्या पाण्यात कालवून घाला. उलथनं तळातून ओढल्यावर पडलेली वाट तशीच राहिली, रस परत धावून आला नाही, की गॅस बंद. आता लहान चमचाभर दालचिनी पूड आणि जायफळ. इथे जायफळाची पूड मिळते, पण मी पुरणासाठी आणलेलं अख्खं जायफळच किसते. वास कितीतरी ताजा येतो. सारण ताटात पसरून पूर्ण गार करा.

पारीसाठी अडीच कप मैदा, अर्धा लहान चमचा मीठ, मोठा चमचाभर साखर. फ्रिजमधून काढलेल्या दोन स्टिक (226 ग्रॅम) बटरचे तुकडे बोटांच्या टोकांनी त्यात चुरा. करंजीला आपण मोहन कडकडीत घालतो, इथे नेमकं उलटं. बटरचे वाटाण्याएवढे गोळे पिठात दिसत राहिले पाहिजेत. ओव्हनमध्ये त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि तिच्यामुळे पापुद्रे सुटतात. बर्फाचं पाणी सहा ते आठ मोठे चमचे, पीठ जेमतेम गोळा होईल इतकंच. तिंबू नका. दोन चपटे गोळे करून तासभर फ्रिजमध्ये ठेवा.

एक गोळा तीन मिलिमीटर जाडीचा लाटून अडीच इंची वाटीने चकत्या पाडा. प्रत्येकीवर लहान चमचाभर सारण, कडा मोकळ्या. दुसऱ्या गोळ्याच्या बारीक पट्ट्या कापून जाळी विणा, तीच वाटी दाबून झाकणं पाडा. कडेला पाण्याचं बोट फिरवा, झाकण ठेवा, काट्याने दाबा. वरून फेटलेलं अंडं (नको असेल तर दूध) आणि थोडी जाडी साखर. ट्रे पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये जाऊ द्या. ही पायरी मी कधीच गाळत नाही, कारण मऊ पडलेली जाळी ओव्हनमध्ये पसरते.

375 फॅरनहाइटला (190 सेल्सिअस) वीस ते पंचवीस मिनिटं. रंग नुसता पिवळसर आला म्हणून बाहेर काढू नका, एक कुकी उचलून खालचा भाग तांबूस झालाय का बघा. साधारण सोळा होतात. दुसऱ्या दिवशी मऊ पडल्या तर 300 ला पाच-सात मिनिटं ठेवा, मायक्रोवेव्ह नको.