रेझाझुरिनची प्लेट वाचायला शिकताना

लॅबमध्ये नव्याने आलेल्या मुलांना रेझाझुरिनची, म्हणजे जिवंत पेशींमुळे रंग बदलणारा निळा रंग घातलेल्या जीवाणूंची प्लेट लगेच आवडते. संध्याकाळी निळी ठेवली, सकाळी गुलाबी झाली, म्हणजे जीवाणू जिवंत आहेत. एखाद्या औषधाने वाढ थांबते का, एवढंच बघायचं असेल तर हे पुरतं. पण सॅम्पलमध्ये जिवंत जीवाणू किती आहेत हे मोजायचं असेल, तर रात्रभर ठेवलेली प्लेट उपयोगाची नाही.

जिवंत पेशीच्या चयापचयातून आलेले इलेक्ट्रॉन हा रंग घेतो आणि निळ्या रेझाझुरिनचं गुलाबी, चमकणारं रेसोरुफिन होतं. म्हणजे रंग डोकी मोजत नाही, पेशींचं काम मोजतो. उपाशी, सुस्तावलेल्या पेशी जिवंत असूनही रंग फार हळू बदलतात. सुप्त बीजाणूंकडून तर जवळपास काहीच होत नाही.

गोष्ट गुलाबीवरही थांबत नाही. जीवाणू भरपूर असतील तर रेसोरुफिन पुढे जाऊन रंगहीन होतं. सर्वांत गजबजलेली वेल (प्लेटमधला छोटा खळगा) फिकी दिसते, मशीन कमी आकडा देतं आणि नवखा माणूस तिथे जीवाणू कमी आहेत असं लिहून मोकळा होतो. म्हणून मी शेवटचा रंग बघतच नाही. दर दहा-पंधरा मिनिटांनी रीडिंग घ्यायचं आणि ठरवलेल्या पातळीला कोणती वेल कधी पोहोचली ती वेळ लिहायची. जीवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होत असतील, तर दहापट विरळ सॅम्पल साधारण ६६ मिनिटं मागे पडतं, कारण दहापट व्हायला ३.३ वेळा दुप्पट व्हावं लागतं. संख्येचा लॉग आणि ही वेळ यांचा आलेख बऱ्यापैकी सरळ येतो. तोच तुमचा स्टँडर्ड कर्व्ह, त्यावरून वेळ बघून संख्या काढायची.

हा कर्व्ह दुसऱ्याच्या वहीतून उचलू नका. जीवाणूचा स्ट्रेन (वाण) तोच, मिडियम (वाढीचं खाद्यद्रावण) तेच, कल्चरची अवस्थाही तीच हवी, आणि सोबत प्लेट काउंट, म्हणजे सॅम्पल आगरवर पसरून वाढलेल्या कॉलनींची मोजणी, लावलेला हवा. ३० ते ३०० कॉलनी असलेल्या प्लेटच मोजायच्या. पेशींचे पुंजके होत असतील तर एका पुंजक्याची एकच कॉलनी येते, हेही ध्यानात असू द्या.

ब्लँकच्या, म्हणजे तुलनेसाठी ठेवायच्या वेलच्या बाबतीत मी कोणालाच सूट देत नाही. सिस्टीन, व्हिटॅमिन सी यांसारखे पदार्थ एकही जीवाणू नसताना रंग बदलतात, आणि वनस्पतींच्या अर्कांत असं बरंच काही असतं. त्यामुळे अर्क तपासताना मिडियम, अर्क आणि रंग घातलेली, पण जीवाणू नसलेली वेल लागतेच. उष्णतेने मारलेल्या पेशींची एक वेल हवी. अर्काला स्वतःचा रंग असेल तर रेझाझुरिन न घातलेली आणखी एक. या वेल नसतील तर मी विद्यार्थ्याचा आलेख बघायलाही घेत नाही.

एमटीटी या अशाच दुसऱ्या रंगाच्या चाचणीत पिवळ्याचा जांभळा होतो, पण जांभळं फॉर्मॅझान पाण्यात विरघळत नाही. डीएमएसओ हा द्रावक घालून सगळे स्फटिक विरघळल्यावरच ५७० नॅनोमीटरला रीडिंग घ्या. तळाशी एखादा जांभळा कण दिसला तरी अजून हलवा. बुडबुडा राहिला असेल तर तोही सुईने फोडा.

रेझाझुरिन उजेडात खराब होतं, बाटलीला फॉइल गुंडाळून ठेवा. आणि ९६ वेलच्या प्लेटमध्ये काठावरच्या वेलमधलं पाणी लवकर उडतं, तिथे सॅम्पल न घालता नुसतं निर्जंतुक पाणी भरा.